फाट्यापर्यंत

"थांबा, थांबा, थांबा!"

कुणीतरी ओरडलं, आणि तिचा पाय ब्रेकवर पोचायच्या आत डोक्यावर 'खर्रर्र' असा आवाज झाला. व्हॅन जागच्या जागी थबकली. आतल्या ओट्यावरचा चमचा खाली पडला.

एकोणीस दिवस! एकोणीस दिवसांत तिनं ही गाडी घाटांतून नेली होती, चिखलातून काढली होती, एका गल्लीत तर दोन्ही आरसे मिटून रिव्हर्स घेतली होती. साधा ओरखडासुद्धा नाही. आणि आज, प्रवासाच्या शेवटच्या दिवशी, तळ्याकाठच्या एका साध्यासुध्या पार्किंगमध्ये शिरताना...

तिनं खिडकीतून मान बाहेर काढली. पार्किंगच्या तोंडाशी दोन खांबांवर एक आडवी लोखंडी दांडी होती, उंच गाड्या आत शिरू नयेत म्हणून असते तशी. व्हॅनचा पुढचा उतरता भाग तिच्याखालून सहज गेला होता आणि छतावरच्या सोलरच्या प्लेटपाशी गाडी घट्ट अडकली होती. दांडीच्या शेजारी, शिडीवर, एक माणूस उभा होता. एका हातात ब्रश, दुसऱ्यात पिवळ्या रंगाचा डबा, आणि चेहरा पाहुण्यांसमोर कपबशी फोडल्यासारखा.

"इथं उंची लिहायला काय होतं हो?" ती कडाडली.

"तेच तर लिहीत होतो," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"म्हणजे जुना आकडा पुसट झाला होता. तो खरवडून खाली पिवळा मारला. हा वाळला, की वर काळ्यानं लिहिणार होतो – दोन पूर्णांक चार." त्यानं व्हॅनच्या छताकडे पाहिलं. "तुम्ही अर्धा तास उशिरा आला असता तर..."

"तर वाचून आले असते!"

"तर आलाच नसता," तो म्हणाला, आणि लगेच ओठ मिटून घेतले. हसू यायला लागलं होतं त्याला. तिला ते दिसलं. तिला राग यायला हवा होता, पण ओला पिवळा रंग त्याच्या भुवईलाही लागला होता, आणि एका पिवळ्या भुवईच्या माणसावर रागावणं काही सोपं नसतं.

व्हॅन तिच्या मामाची. मामाची म्हणजे आधी एका बेकरीची. वीस वर्षं पाव वाहून दमलेली ती गाडी मामानं घेतली, आत पलंग बसवला, ओटा बसवला, खिडक्या पाडल्या, आणि मग गुडघ्यांनी दगा दिला. भाचीनं मागितली तेव्हा त्यानं किल्ली हातात ठेवून एवढंच म्हटलं होतं, "खारू, जशी नेतेस तशी आण." लहानपणी पुढचे दोन दात खारीसारखे होते म्हणून ती खारू, आणि तिशी उलटली तरी खारूच. आज गाडी धुवायची, झाडायची, उद्या सकाळी घराकडे निघायचं, असा साधा बेत होता. या पार्किंगमध्ये पाण्याचा नळ आहे असं कुणीतरी सांगितलं म्हणून ती इकडे वळली होती.

"मागं घेऊन बघते," ती म्हणाली.

"नको! प्लेट निघून येईल." तो शिडीवरून उतरला आणि गाडीभोवती एक फेरी मारून आला. "एक उपाय आहे. चारही चाकांची हवा सोडू. गाडी चार बोटं खाली बसेल. मग हळूच मागं घ्यायची."

"आणि मग हवा कोण भरणार?"

"मी," तो म्हणाला. मग जरा थांबून, "माझ्याकडे पायपंप आहे. सायकलचा."

"सायकलचा!"

"हवा तीच असते."

तिला हसू फुटलं. दोघांनी दोन-दोन चाकं वाटून घेतली. हवा फुसफुसत बाहेर पडली, व्हॅन म्हाताऱ्या म्हशीसारखी हळूहळू बसत गेली, आणि दांडी व छत यांच्यात एक उजेडाची फट दिसायला लागली. तो पुढं उभा राहून हातांनी खुणा करत होता – या, या, अजून, डावीकडे, बास. गाडी सुटली. छतावर मात्र या टोकापासून त्या टोकापर्यंत एक पिवळाधमक पट्टा उमटला होता. "मेले! गाडी मामाची आहे," ती म्हणाली.

"मामांना गच्चीवरून खाली बघायची सवय आहे का?" त्यानं विचारलं.

"मामा तळमजल्यावर राहतो."

"मग झालं तर!"

*

पंप त्याच्या दुकानातून आणला, रस्त्यापलीकडूनच. एका चाकाला जवळजवळ तीनशे दाब. पन्नास त्यानं, पन्नास तिनं, असं ठरलं.

"पन्नास झाले," तो पायाखालचा पंप सोडत म्हणाला.

"त्रेचाळीस."

"पन्नास!"

"मी मोजत होते."

"मीही मोजत होतो."

"तुम्ही मधे माझ्याकडे बघून पस्तीसनंतर एकदम त्रेचाळीस म्हणालात."

त्यानं मुकाट्यानं सात दाब आणखी मारले. कानाच्या पाळ्या मात्र लाल झाल्या होत्या. तिनं ते पाहिलं आणि उगाचच चाकाची झडप तपासायला खाली वाकली.

दुसऱ्या चाकापर्यंत दोघंही घामाघूम झाले होते. "आता तू... सॉरी, तुम्ही," तो धापा टाकत म्हणाला.

"तू चालेल," ती म्हणाली. "'तुम्ही' म्हणण्याइतका दम उरलाय कुणाला?"

तिसऱ्या चाकाला त्यानं विचारलं, "तू काय करतेस? म्हणजे, गाड्या अडकवायच्या सोडून?"

"दात."

"डॉक्टर?"

"छे! डॉक्टर मापं पाठवतात, मी दात बनवते. कवळ्या. सात वर्षं झाली."

"म्हणजे तू लोकांचं हसू बनवतेस."

"सगळे हेच म्हणतात," तिनं नाक मुरडलं. "मी चावणं बनवते. हसू ज्याचं त्याचं."

यावर तो असा हसला की पंपावरून त्याचा पाय घसरला. पुढचे पन्नास कुणाचे होते ते मग दोघांनाही आठवेना.

त्याला सगळं गाव पेंटर म्हणत असे, रस्त्यानं जाणारे दोघे-तिघे "काय पेंटर, आज गाड्यांत हवा भरायचं काम का?" असं विचारून गेले. दुकानांच्या पाट्या, होड्यांची नावं, शाळेच्या भिंती – गावात जिथं अक्षर होतं तिथं त्याचा नाहीतर त्याच्या वडिलांचा हात होता. आता लोक पाट्या छापून चिकटवायला लागले होते. "दोन उन्हाळ्यांत उडतात," तो म्हणाला, "मग येतात परत. मी वाट बघतो. वाट बघणं हा माझा जोडधंदा आहे."

चौथं चाक भरून झालं तेव्हा दुपार व्हायला आली होती. आता तिनं 'थँक्यू' म्हणायचं आणि गाडी धुवायला लागायचं. तिनं 'थँक्यू' म्हटलंही. आणि मग दोघंही तसेच उभे राहिले... पंपाची नळी गुंडाळायला त्याला फारच वेळ लागत होता.

"पंप परत ठेवायला जातोय," शेवटी तो म्हणाला. "दुकानात चहा असतो. बाबा करतात. फार वाईट करतात. येतेस?"

"इतकं कौतुक केल्यावर नाही कसं म्हणू?"

*

दुकान म्हणजे एक लांबट खोली. भिंतीला रंगांचे डबे, उलटे टांगलेले ब्रश, कोपऱ्यात अर्धवट रंगवलेल्या तीन-चार पाट्या. टर्पेंटाइनचा वास. खिडकीपाशी खुर्चीत पेंटरचे वडील बसले होते. उजवा हात थरथरत होता म्हणून त्यांनी तो डाव्या हातानं धरून ठेवला होता. या हातानंच त्यांनी चाळीस वर्षं सरळ रेघा मारल्या होत्या.

"बस पोरी," ते म्हणाले. "तूच का ती, दांडी वाकवायला आलेली?"

ते बोलत होते आणि ती ऐकत होती, पण तिचे डोळे काही केल्या त्यांच्या तोंडावरून हटेनात. प्रत्येक वाक्याला एक बारीक 'टक्' होत होतं. बोलताना ते डावा गाल किंचित आत ओढत होते. पाव त्यांनी चहात इतका वेळ बुडवला की अर्धा कपातच राहिला.

तिला राहवलं नाही. "काका, रागावू नका... तुमची खालची कवळी डावीकडे टोचते ना?"

कपाकडे नेलेला पाव त्यांनी बशीत ठेवला. मग वडिलांनी मुलाकडे पाहिलं. "आठ महिने झाले. याला पत्ता नाही, आणि हिला दोन मिनिटांत कळलं!"

"तुम्ही सांगितलंत कधी?" पेंटर चकित झाला होता. "मला वाटलं, तुम्हाला पाव आवडायला लागलाय!"

"सांगून काय केलं असतंस? रंग दिला असतास?"

ती उठलीच. बाह्या सरसावल्या. "तुझ्याकडे सगळ्यात बारीक काचकागद कुठला? पाण्यात भिजवून घासतात तो. आणि एक स्वच्छ वाटी, पाणी, साबण." मग ती रस्ता ओलांडून व्हॅनमध्ये गेली आणि एक लिपस्टिक घेऊन आली. या प्रवासात हौसेनं घेतलेली, अजून टोपणही न उघडलेली.

"या वयात?" वडील म्हणाले.

"ओठांना नाही काका, हिरडीला. दुखतं तिथं टिपका लावायचा, वर कवळी बसवायची. कवळीवर जिथं लाल उमटेल तिथं ती नडतेय. तेवढंच घासायचं, जास्त नाही."

तिनं कवळी धुतली, पुसली, टिपका लावला, बसवायला सांगितली, काढली. आतल्या बाजूला तांदळाच्या दाण्याएवढा लाल ठसा उमटला होता. ती खिडकीच्या उजेडात बसली आणि घासायला लागली. चार-पाच हात मारायचे, थांबायचं, डोळे मिटायचे आणि अंगठ्यानं तो उंचवटा चाचपायचा. पुन्हा चार हात. पुन्हा डोळे मिटायचे.

पेंटर दाराला टेकून बघत होता. बाबांचा हात गेल्यापासून कामात असं बुडालेलं माणूस त्यानं पाहिलं नव्हतं. रेघ मारताना आपण श्वास धरतो, तसाच तीही धरत होती. तिच्या नाकाच्या शेंड्यावर पांढरी पूड बसली होती. हे तिला सांगावं की नाही, याचा तो फार गंभीरपणे विचार करत राहिला, आणि सांगितलं नाही.

चार वेळा घातली, चार वेळा काढली. पाचव्यांदा वडिलांनी जीभ फिरवली, जबडा हलवला, आणि काही न बोलता टेबलावरचं सफरचंद उचललं. तोंडाच्या कोपऱ्यातून एक तुकडा तोडला. कर्रकन आवाज झाला. ते चावत राहिले, चावत राहिले... डोळ्यांत पाणी आलं तरी थांबले नाहीत.

"दुखतंय का?" ती घाबरून पुढं झाली.

त्यांनी नाही म्हणून मान हलवली. घास गिळला. "दुसरं आहे का रे घरात?" त्यांनी मुलाला विचारलं.

*

दुपारी आभाळ भरून आलं. दांडीवरचा पिवळा वाळला होता, आकडा अजून लिहायचा होता, आणि पावसाचे थेंब सुरू झाले.

"आता उद्याच," ती म्हणाली.

"आणि तेवढ्यात तुझ्यासारखी दुसरी आली तर? माझ्या पायात आता पंप मारायचा जीव नाही." त्यानं शिडी लावली.

तिनं व्हॅनमधून छत्री आणली, व्हॅन दांडीशेजारी उभी केली, दाराच्या पायरीवर चढली आणि हात लांब करून छत्री त्याच्या डोक्यावर धरली.

"मला नको. आकड्यावर धर."

"तू भिजतोयस."

"मी वाळतो. काळा रंग ओघळला तर पुन्हा खरवडावा लागेल."

तिनं छत्री पुढं सरकवली. आता दांडी कोरडी होती आणि तो निथळत होता. त्यानं काठी टेकवली, काठीवर मनगट टेकवलं, ब्रश उचलला... आणि सगळं गाव थांबल्यासारखं झालं. पाणी त्याच्या केसांतून मानेवर, मानेवरून कॉलरमध्ये उतरत होतं आणि हात मात्र हलत नव्हता. दोनचा वरचा गोल त्यानं एका दमात फिरवला. तिचा हात छत्रीच्या वजनानं दुखायला लागला होता, पण ती ढिम्म हलली नाही. हा माणूस स्वतः भिजून आकडा कोरडा ठेवतोय... तिची नजर आकड्यावरून त्याच्या हातावर गेली आणि तिथंच राहिली. आपण नुसती कारागिरी बघतोय, असं तिनं स्वतःला सांगून बघितलं. पटलं नाही.

"झालं," तो म्हणाला आणि वळला. तो शिडीवर, ती पायरीवर – दोघांचे चेहरे एका उंचीवर आले होते. छत्रीखाली पावसाचा आवाज मोठा वाटत होता.

"तुझ्या नाकाला काहीतरी लागलंय," तो हळूच म्हणाला.

"कधीपासून?"

"दुपारी बारापासून."

"आणि आत्ता सांगतोस?"

"चांगलं दिसत होतं."

तिनं नाक पुसलं. मग तिनं बोट त्याच्या भुवईकडे नेलं – लावलं नाही, नुसतं दाखवलं. "तुझ्याही इथं. सकाळी नऊपासून."

*

चहा या वेळी तिनं केला, व्हॅनमधल्या लहानशा शेगडीवर. तो दारापाशी बसला, तिचा टॉवेल डोक्यावर घेऊन. छतावर पाऊस वाजत होता.

"एकटीच का निघालीस?" त्यानं विचारलं.

"घरी आम्ही आठ माणसं. आई, बाबा, आजोबा, भाऊ, वहिनी, त्यांची जुळी, आणि मी. तिसाव्या वर्षापर्यंत मी एकही रात्र एकटी झोपले नव्हते. आई म्हणाली, कशाला? मी म्हटलं, कसं असतं ते बघायला." तिनं कप त्याच्या हातात दिला. "पहिल्या तीन रात्री भीतीनं झोप नाही. चौथ्या दिवशी मी सकाळी उठून अंडं उकडलं, एका तळ्याकडं बघत खाल्लं, आणि दुपारपर्यंत कुणाशी एक शब्द बोलले नाही. इतकं बरं वाटलं ना..." ती थांबली. "आता तीच भीती वाटते. घरी वहिनी स्थळं काढून बसलीय. आणि मला वाटतं, मी आता कुणाबरोबर राहायच्या कामाची उरलेच नाही."

"आज सकाळपासून कुणाबरोबर होतीस मग?"

ती चहा ढवळायला लागली. उगाच ढवळत राहिली. साखर केव्हाच विरघळली होती.

"मी उलटा," तो कपात बघत म्हणाला. "बाबांचा हात गेला तेव्हापासून दिवसभर माणसांत असतो. शिडीवर असलो की खालून चार जण बोलत असतात. कुणी म्हणतं अक्षर मोठं कर, कुणी म्हणतं बारीक. पण आज तू घासत होतीस ना, मधे वीस-पंचवीस मिनिटं आपण कुणी बोललो नाही. इतकी चांगली शांतता मी... म्हणजे दुसऱ्याबरोबरची..." त्याला पुढं जमेना. पाटीवर चार शब्द लिहायचे तर त्याचा हात सुरीसारखा चाले. तोंडानं मात्र त्याला एक वाक्य धड पुरं करता येत नसे.

"उद्या थांबलीस तर?" शेवटी त्यानं विचारलं.

"सोमवारी एक आजी येणार आहेत," ती म्हणाली. "महिनाभर बोळक्या तोंडानं फिरतायत. त्यांचे दात माझ्या टेबलावर आहेत, नुसतं पॉलिश राहिलंय. जायला हवं."

"जायलाच हवं," तो म्हणाला. आणि तिला ते फार आवडलं, की त्यानं वाद घातला नाही. आणि तितकंच आवडलं नाही.

पाऊस उघडल्यावर दोघांनी मिळून व्हॅन धुतली. तिनं साबण लावायचा, त्यानं पाणी मारायचं. छतावरच्या पिवळ्या पट्ट्याला मात्र तिनं हात लावू दिला नाही. संध्याकाळचं ऊन तळ्यावर तिरपं पडलं होतं आणि ओली गाडी नव्यासारखी चमकत होती. बादली उलटी करताना तो तिच्याकडे न बघता म्हणाला, "सकाळी कितीला निघतेस?"

"सहाला."

"मला फाट्यावर काम आहे. एक दुकान... त्याची पाटी. सोडशील?"

"चाळीस किलोमीटर आहे फाटा."

"हो. मोठी पाटी आहे."

"सोडते," ती म्हणाली.

*

सहाला दहा कमी असताना तो हजर होता. दाढी केलेली, शर्ट इस्त्रीचा. वडिलांनी चार सफरचंदं पाठवली होती. "वाटेत खा म्हणाले. आणि म्हणाले, आवाज करून खा."

चाळीस किलोमीटर. पहिली वीस ते हवेबद्दल बोलले, चाकांतल्या आणि बाहेरच्या. पुढची वीस बोललेच नाहीत. रात्रीच्या पावसानं रस्ता ओला होता, काचांवर वाफ धरत होती, ती दर थोड्या वेळानं फडक्यानं पुसत होती आणि तो फडकं हातातून घेऊन तिच्या बाजूची काच पुसून देत होता. फाटा यायला नको असं तिला वाटत होतं आणि तिचा पाय मात्र इमानदारीत ऐंशीवर होता.

फाट्यावर बसथांब्याची एक शेड होती, एक दिशादर्शक पाटी होती, आणि चोहोबाजूंनी माळ.

तिनं गाडी थांबवली. "दुकान कुठंय?"

"...व्हायचंय अजून."

"आणि तुझे ब्रश?"

त्यानं स्वतःच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं. "विसरलो वाटतं."

ती हसायला लागली. हसता हसता स्टिअरिंगवर डोकं टेकलं, तिचा धक्का लागून हॉर्न वाजला, आणि मग तोही हसायला लागला.

त्याच्या गावाकडे जाणारी बस दर पाऊण तासानं होती. पहिली आली तेव्हा ते शेडमध्ये बसून सफरचंद खात होते, तो म्हणाला, "गर्दी आहे." बसमध्ये पाच माणसं होती. दुसरी आली तेव्हा तो म्हणाला, "या ड्रायव्हरशी माझं पटत नाही." तिनं विचारलं, "का?" तर म्हणाला, "ओळख नाही."

तिसरी दूरवर दिसली तेव्हा ती उठून उभी राहिली.

"आता ही पकड," ती म्हणाली. "नाहीतर मी जाणार नाही, आणि त्या आजी सोमवारी माझ्या नावानं ओरडतील. तेही बिनदाताच्या." तिनं श्वास घेतला. "आणि ऐक. मला एकटं राहायला आवडतं, हे आधी सांगते. पुढं काहीही झालं तरी मधूनमधून मला एकटीला कुठंतरी जाऊ द्यावं लागेल. हे एक. आणि दुसरं..."

बस थांबली. दार उघडलं.

"दुसरं म्हणजे मला तू आवडलायस. काल छत्री धरली होती ना, तेव्हापासून. झालं. सांगितलं."

त्यानं तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं.

"मी... म्हणजे, मला... काल सकाळीच, ते पंपावर..."

"अहो, येताय का?" ड्रायव्हर ओरडला. "का तुमच्याऐवजी यांचं तिकीट फाडू?"

"चढा हो चढा," खिडकीतून एक मावशी म्हणाल्या. "बोलणं होत नसेल तर चिठ्ठी लिहा!"

बसमधले सगळे हसले. पेंटर गांगरला, धडपडत पायरीवर चढला, दार बंद झालं, आणि बस निघालीसुद्धा.

ती तिथंच उभी. म्हणजे – काय? हो का नाही? पंपावर काय? तिच्या कानशिलांतून वाफा निघत होत्या. एवढं धाडस आयुष्यात पहिल्यांदा केलं, आणि समोरचा माणूस अर्धं वाक्य टाकून बसमध्ये बसून गेला! फोन नंबरसुद्धा घेतला नव्हता. ती तरातरा व्हॅनमध्ये बसली, चालू केली, आणि रागानं, लाजेनं, नक्की कशानं कुणास ठाऊक, जोरात वळवली.

दोन मिनिटांनी तिच्या लक्षात आलं, की पुढं बस आहे. त्याचीच. म्हणजे ती घराच्या उलट्या रस्त्याला लागली होती.

बसच्या मागच्या काचेवर वाफ धरली होती. त्या वाफेतून एक बाही फिरली, आणि एवढ्याशा स्वच्छ गोलात त्याचा चेहरा दिसला. त्यानं व्हॅन पाहिली. डोळे मोठे केले. हातानं खूण केली – मागं, मागं! मग काचेवर फू फू करून वाफ धरली आणि बोट टेकवलं. दुकानांच्या काचा आतून रंगवणाऱ्याला उलटं लिहायला विचार करावा लागत नाही. बाहेरून तिला अक्षरं अगदी सरळ, वळणदार दिसत गेली.

*चुकलीस. घर तिकडं.*

"कळलं!" ती एकटीच गाडीत ओरडली. हसू आणि रडू एकदमच यायला लागलं होतं. पण ब्रेक काही लावला नाही.

त्यानं बाहीनं सगळं पुसलं. पुन्हा वाफ धरायला लागला. काच मोठी होती, एकट्याची फुंकर पुरेना. मग त्याच्या शेजारी त्या मघाच्या मावशी आल्या आणि त्याही गाल फुगवून काचेवर वाफ सोडायला लागल्या. मागून आणखी दोन चेहरे डोकावले.

त्यानं बोट टेकवलं. एक अक्षर लिहिलं. मग बोट उचललं, नीट अंतर घेतलं, आणि पुढची दोन लिहिली.

*मी   पण*

ती जागा त्यानं मुद्दाम, मोजूनमापून सोडली होती. जोडून लिहिलं असतं तर 'मीपण' होऊन अर्थाचा पार अनर्थ झाला असता, आणि पाट्या रंगवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला तेवढं कळत होतं. त्याखाली घाईघाईनं एक फोन नंबर आला. तिनं तो तीनदा मोठ्यानं म्हटला, पाठ केला, एक लांबलचक हॉर्न दिला, आणि मग रस्त्याच्या कडेला घेऊन गाडी घराकडे वळवली.